शिडाच्या दोरीवरची गाठ

विष्णुपुरीच्या जलाशयावर माझ्या मामाची छोटी शिडाची होडी आहे. मी मेकॅनिकल इंजिनीअर, म्हणून पुढच्या शिडाची दोरी अडकवायला काय बसवायचं, हे त्यानं मलाच ठरवायला सांगितलं. मी दोन दातेरी जबड्यांची पकड निवडली. ती दोरी घट्ट धरते आणि वर झटका दिला की लगेच सोडते. जोराचा वारा आला की दोरी झटकन सोडता आलीच पाहिजे, नाहीतर होडी कलंडते.

आज सकाळी पहिल्यांदा निघालो. मामानं पकडीत दोरी घातली आणि वरून, बैलाचं दावं बांधावं तशी, गाठ मारली.

"मामा, गाठ नको."

"आता न्हाई सुटायची. लई वारं हाय."

मी गाठ सोडायला पुढे सरकले, तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. दोरी सुटली नाही. दोघंही पाण्यात. लाइफ जॅकेटं होती म्हणून निभावलं.

काठावर मामा जमलेल्या सगळ्यांना सांगत होता, "पोरीनं नवं सामान बसवलं, तेच अडकलं."

एक जण म्हणाला, "इंजिनीअरबाई, मामाला पोहायला शिकवून राहिलात का?" सगळे हसले. ओढून आणलेल्या होडीवर गाठ अजून तिथंच होती. मी बोटानं दाखवली. कुणी पाहिली नाही.

संध्याकाळी लातूरहून धाकट्या भावाचा मेसेज आला. तो बी.कॉम. करतो, होडीत कधी बसलेला नाही. आता कोणतं सामान घ्यावं, हे मामानं त्याला विचारलंय. त्यानं तो प्रश्न मलाच पाठवला: "ताई, काय सांगू?"

मी परत तीच पकड लिहिली आहे. त्याच्या नावानं गेलं तर मामा ऐकेल. तुम्हीच सांगा, पाठवू का?