शून्यावर संपणारे आकडे

१५ फेब्रुवारी २०२२, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटे. मोहाडीच्या विहाराच्या सभागृहात सात आया सतरंजीवर बसल्या होत्या; बाजाराच्या पिशव्या भिंतीशी टेकवलेल्या. साऱ्यांच्या मुलांना रोज इन्सुलिन घ्यावे लागणारा मधुमेह होता. त्यांत माझी आईही होती; माझी बहीण तेव्हा नऊ वर्षांची. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि वह्या तपासण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले होते. बैठक बाजाराच्या दिवशी ठेवण्याची कल्पना आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंची: आया एरवी येणार नाहीत, भाजीला मात्र येतील.

मुलाच्या रक्तातली साखर रोज यंत्रावर मोजून वहीत लिहायची. त्यावरून डॉक्टर इन्सुलिनचा पुढचा डोस ठरवत.

आईची वही चाळताना मी थबकले. १२०, १३०, १४०, पुन्हा १२०. यंत्र कधी ११७ दाखवते, कधी २४३. महिनाभर ते शून्यावरच कसे थांबेल?

"आई, हे यंत्रातले आकडे नाहीत."

"काहून? चांगले त आहेत."

"चांगले आहेत, खरे नाहीत. यावरून डोस कमी केला तर तिचं काय होईल?"

आई पदराच्या टोकाला पीळ देत राहिली. "खरं लिवलं त सगळे मलेच बोलतेत. काय चारलं पोरीले, म्हणतेत. तुये बाबा बी, तू बी."

शेजारी बसलेली, तलावातली मासोळी विकून आलेली बाई मोठ्याने हसली. "मायी वही पाह्य ना बाई! मी त येता येता ऑटोतच हप्ताभराचे सगळे आकडे लिवले."

मग वह्या एकेक करून सतरंजीवर उघडल्या गेल्या. पाच वह्यांत तेच.

सिस्टरबाईंनी त्या वह्या पुढ्यात ओढल्या. "मोठा आकडा दिसला का मीच पहिले रागावते," त्या म्हणाल्या. त्या दिवशी नियम ठरला: आकडा ऐकून 'काय चारलं?' विचारायचे नाही. 'मग काय केलं?' एवढेच विचारायचे.

माझ्या निरीक्षणाचा मला तेव्हा अभिमान वाटला. आईच्या "तू बी"कडे लक्ष जायला मात्र बराच काळ गेला. आता प्रयोगशाळेत कोणाचे आकडे फार नीटनेटके दिसले, की मला बाजाराच्या दिवशीच्या त्या बैठका आठवतात: पिशव्यांतल्या मेथीचा वास, सुया कुठे टाकायच्या यावरचे वाद, आणि एकमेकींना "मग काय केलं वं?" विचारणाऱ्या आया.

ऑगस्ट २०२३ मध्ये मी एम.एस्सी.साठी पुण्याला निघाले. आदल्या दिवशी शेजारी बारसे होते आणि बहिणीने बुंदी दोनदा घेतली होती. सकाळी तिच्या बोटाचा थेंब घेऊन आईने यंत्र माझ्यापुढे धरले. मी बुंदीचे नाव काढले नाही.

"पाहत काय राह्यली? जसा आहे तसाच लिव. मंग तिचं इंजेक्शन पाहू."

मी लिहिले: २८७.