दातातला दोरा

मंगळवार पेठेत आमच्या समोरच एका बाईचं पार्लर होतं. पार्लर कसलं, पुढच्या खोलीत एक खुर्ची आणि आरसा. दोरा दातात धरून ती आयब्रो करायची आणि त्याच दातांतून सल्ले द्यायची. "रश्श्याला फोडणी दिली की तोंड धुवायचं, मगच पावण्यांसमोर जायचं. हलू नगासा, वैनी!"

माझ्या थोरल्या जाऊबाई दर महिन्याला तिच्याकडे जायच्या. त्या अचानक गेल्या. सवाष्ण गेलेली, म्हणून आम्ही त्यांना हिरवी साडी नेसवून मळवट भरत होतो. तेवढ्यात ही दोऱ्याचं रीळ घेऊन आत आली, उशाशी बसली आणि त्यांच्या ओठावरची लव काढायला लागली.

"अगं, काय करतीस हे?" मी ओरडलेच.

"उद्या यायच्या हुत्या माझ्याकडं. अशा कशा जातील?"

 मग ती भुवईकडे वळली. एरवी कातडी ज्याची त्यानंच ताणून धरायची असते. तिनं माझ्याकडे बघितलं. मी कशी पुढे झाले, मलाच कळलं नाही. त्या गार कपाळावर मी बोटं ठेवली.

ती वाकली आणि सवयीनं जाऊबाईंना म्हणाली, "हलू नगासा, वैनी."

आणि दोरा तिच्या दातांतून गळून पडला.