दोन महिन्यांचं खोटं

रोदोपीच्या डोंगरातल्या आमच्या गावात स्तोयनाइतकं सफाईने खोटं बोलणारं कुणी नव्हतं, आणि तिच्याइतकं भित्रंही. तिची दोन बाळं पाळण्यातच गेली, उरला एकटा कामेन. त्याची बायको झ्लातका पहिल्यांदा गरोदर राहिली, तेव्हा म्हातारीने आनंदाच्या भरात ते घरोघर सांगितलं. पाचव्या महिन्यात पोट रिकामं झालं. दृष्ट लागली, दुसरं काय! म्हणून या खेपेला तिने आमच्याकडच्या जुन्या बायका करतात तेच केलं. दोन महिने कमी सांगितले. लोकांची नजर भलत्याच दिवसांवर राहील आणि बाळ त्याआधीच गुपचूप येईल, असा तिचा बेत. कुणाला खरं सांगू नये म्हणून सुनेला तिने बाळाच्या जिवाची शपथ घातली. पण दाईलाही खोटंच सांगायचं, हा अतिशहाणपणा मात्र तिचा स्वतःचा.

नेव्हेना ही गावच्या छोट्या प्रसूतिगृहातली सरकारी दाई. नवीनच आलेली. आलुबुखाराचा मुरंबा घालायच्या दिवसांत ती म्हणाली, "आत्ता कुठे एका आलुबुखाराएवढं झालंय ते. बोटं फुटलीत." स्तोयनाने हो ला हो केलं. इकडे सुनेच्या पोटात ते मासोळीसारखं सुळसुळत होतं. नाताळात तांब्याची परात खणकन पडली, तर आतून दचकल्यासारखी लाथ बसली. पुढे त्याला उचक्या लागू लागल्या, तेव्हा सासू-सुना चुलीपाशी पोटावर हात ठेवून हसायच्या.

"पोट महिन्यांच्या मानाने फार मोठं दिसतंय," नेव्हेना एकदा म्हणाली.

"जुळी असतील हो बाई. आमच्या घराण्यातच आहेत," स्तोयना म्हणाली. घराण्यात औषधालासुद्धा जुळं नव्हतं.

फेब्रुवारीत शहराकडचा घाट बर्फाने बुजला आणि त्याच आठवड्यात एका सकाळी झ्लातकाला कळा सुरू झाल्या. तिला प्रसूतिगृहात आणताच नेव्हेनाचा चेहरा पांढरा पडला.

"सातव्यात! तीही जुळी! आजी, पापण्या उघडल्या असतील, नखं आली असतील, पण फुफ्फुसं कच्ची असतात हो. बाहेर आल्यावर श्वास घेता येणार नाही त्यांना. शहरात अशा बाळांसाठी काचेची पेटी आहे. माझ्याकडे काय आहे? एक शेगडी! कामेन, ट्रॅक्टरला घसरगाडी जोड."

ही सातव्याची बाई नव्हे, घाट ओलांडायच्या आतच बर्फात बाळंत होणार, हे स्तोयनाला पक्कं ठाऊक होतं.

"इथेच होऊ द्या ना, बाई."

"पोरं मारायचीत का तुम्हाला?"

घोंगड्यांत गुंडाळलेल्या झ्लातकाला घसरगाडीवर निजवलं. ती सासूकडे एकटक बघत होती, ओठ घट्ट मिटून. खरं आत्ता सांगावं, तर नेमक्या येण्याच्या घटकेला बाळावर नजर पडायची. न सांगावं, तर घाट. ट्रॅक्टर धडधडला.

"नववा भरलाय!" स्तोयना किंचाळली. "सातवा नाही! मी खोटं सांगितलं!"

नेव्हेना वळली. "आणि हे खरं कशावरून? घाटाला घाबरून बोलताय तुम्ही. जुळी म्हणालात, ते तरी?"

"तेही खोटं."

"मग तुमचं धरायचं तरी काय?"

जन्मभर थापा पचल्या आणि आज खऱ्याला गिऱ्हाईक नव्हतं. स्तोयना पुढे झाली आणि तिने लेकाचा हात धरला. "माझ्या कामेनच्या गळ्याची शपथ," ती म्हणाली. उरलेल्या एकुलत्या पोराची शपथ तिने आजवर कधी घेतली नव्हती. "झ्लातका, तुझी शपथ सोडली मी. बोल गं!"

"नववा... खरंच," झ्लातका कण्हली. "उतरवा मला."

नेव्हेनाने घोंगडीखाली हात घालून चाचपलं. डोकं पार खाली उतरलं होतं. तिने म्हातारीला एक सणसणीत शिवी हासडली आणि ओरडली, "आत घ्या हिला! लवकर!"

दार लागलं. स्तोयना बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. आतून झ्लातकाचं ओरडणं आलं, मग तेही थांबलं. आता काहीच ऐकू येईना. आपणच नजर लावली, आपल्याच तोंडाने, असं वाटून तिला रडूही फुटेना. मग टाहो ऐकू आला, असा सणसणीत की कामेन ट्रॅक्टरवरून उडी टाकून धावला.

मुलगी. एकच, पुऱ्या दिवसांची.

स्तोयना आत गेली. नेव्हेनाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. झ्लातकाच्या छातीवर ते लालबुंद पोर तोंडाने दूध शोधत होतं.

"आई," झ्लातका हळू आवाजात म्हणाली, "बाई इथेच ठेवते म्हणाल्या असत्या, तर तुमचं गप्प राहणं मी समजले असते. पण तुम्ही ट्रॅक्टर सुरू होईपर्यंत थांबलात. तो निघाला असता, तर बोलला असतात?"

स्तोयनाने तोंड उघडलं. काहीतरी चांगलं सांगता आलं असतं.

"ठाऊक नाही गं, पोरी."

झ्लातका कण्हत थोडी सरकली आणि खाटेवर सासूपुरती जागा केली.

"हात गारठलेत तुमचे. आधी शेकून या, मग घ्या हिला."