श्री, गणेश, लक्ष्मी, मग न्हावा-शेवा

वहीच्या माथ्यावर ‘श्री’ लिहिल्याशिवाय आमच्या शेठचं पेन पुढे सरकत नसे. पनवेलच्या त्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यांनी तोच नियम त्या मशीनवरही लादला. सगळ्यात वर श्री नावाची डिरेक्टरी, म्हणजे फाइली ठेवायचा कप्पा, तिच्या पोटात गणेश, गणेशच्या पोटात लक्ष्मी, मग न्हावा-शेवा बंदर आणि पार तळाला बिचारी पार्टी, म्हणजे आमचं गिऱ्हाईक. माऊस नव्हता. काळ्या पडद्यावर ‘सीडी’ हा कप्पा उघडायचा हुकूम लिहून पुढे ही सगळी देवमंडळी इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. एक अक्षर चुकलं की मशीन सरळ नाही म्हणायचं. पार्टी बदलली की पुन्हा पहिल्यापासून आरती. बाहेर मालाच्या चलनाच्या कागदासाठी खोळंबलेले ट्रेलरवाले हॉर्न वाजवायचे आणि बोलणी मी खायची.

मला घरी, गव्हाणला जाणारी सहाची बस गाठायची असे. वडिलांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बस चुकली का नोकरी बंद, पोरी."

म्हणून मी मॅन्युअल चाळून चाळून एक बॅच फाइल लिहिली, एका शब्दात सगळे हुकूम ओळीने चालवणारी. तिचं नाव ठेवलं ‘जा’. जा, पुढे पार्टीचं नाव, एंटर. की थेट मुक्कामाला. काही दिवस सुखात गेले. मग एका ट्रेलरचा टायर बंदराच्या वाटेवर फुटला आणि शेठ तणतणत माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"श्री कुठाय?"

"त्यातूनच जातं, शेठ. फक्त लिहावं लागत नाही."

"म्हणजे देवाला टाळून? तरीच! पुसून टाक ते. आत्ता, माझ्यासमोर."

टायर झिजलेला यांचा, आणि फुटला माझ्यामुळे! तळपायाची आग मस्तकात गेली. पण पुसलं. त्या संध्याकाळी बस चुकली.

"आज सोरलं," वडील म्हणाले. "परत चुकली तं घरीच बसायचा. आमी दोनदा सांगनार नाय."

दुसऱ्या दिवशी दात-ओठ खात तीच फाइल पुन्हा लिहिली, जशीच्या तशी. फक्त नाव दिलं ‘श्री’. श्री, पुढे पार्टीचं नाव, एंटर. शेठनी मागून डोकावून पाहिलं आणि चक्क पडद्याला हात जोडले.

"बघ, देवाचं नाव घेतलं की कामं कशी झटपट होतात!"

पुढे येईल त्या पार्टीला ते हेच ऐकवायचे, माझ्यादेखत. मला कुणी साधं शाब्बाससुद्धा म्हटलं नाही. वेळेवर घरी पोचले की वडीलही म्हणायचे, "देवाची किरपा."

नोकरी टिकवायची होती, म्हणून दोघांपुढे मान डोलावली. तो राग अजून उतरलेला नाही. देवावर मात्र माझा राग नाही. ती फाइल आपण लिहिली, असं तो बिचारा कधीच म्हणाला नाही.