आईच्या डोळ्याची राखण

आईच्या कपाळावर उजव्या बाजूला पाण्यानं भरलेले फोड आले आणि गल्लीनं निकालच देऊन टाकला: नागीण. गेरू लावा, दोन्ही तोंडं जुळली की माणूस जातं. माझं डोकंच फिरलं. फोड पापणीपर्यंत उतरलेले, डोळा लालभडक, आणि ह्या बाया गेरू उगाळत बसल्या! आईला गाडीत घातलं आणि तडक अंबाजोगाईच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी लगेच गोळ्या सुरू केल्या, डोळ्याच्या डॉक्टरांना बोलावलं, मग विचारलं, "आजी, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आलत्या की. ऊसतोडीवर, पाचटाच्या कोपीत. आयनं मातेला दहीभाताचा निवद दाखवून वाटं लावलती."

"ती गेली नव्हती, आजी. कांजिण्यांचा विषाणू नसांमध्ये दडून बसला होता, तोच आता नागीण होऊन वर आला."

आईचं तोंडच उतरलं. "म्हंजी माझ्या आयचं कायतरी चुकलं व्हय?" इतके दिवस फोडांची आग मुकाट सोसलेली माझी आई आता मात्र ढसाढसा रडली. मेलेल्या आयवर बोल आलेला तिला सहन होईना.

"कुणाचं काही चुकलं नाही," डॉक्टरीणबाई घाईनं म्हणाल्या. "तेव्हा तुमच्या रक्तातल्या टी पेशी, म्हणजे अंगाचे शिपाई, लढल्या. त्यातल्या काहींनी ती ओळख धरून ठेवली आणि पहारा दिला, म्हणून तर इतकी वर्षं तो वर आला नाही. लहानपणी अशा पेशी भराभर तयार होतात. वय झालं की नव्या कमी होतात, जुन्याही थकतात. मग दडलेलं डोकं वर काढतं."

"थकनारच की," आई नाक पुसत म्हणाली. "एवढी वर्षं कोन राखण करतंय?"

माझा जीव मात्र डोळ्यातच अडकलेला. "डोळा वाचेल ना?" तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघू." बघू म्हणे! त्या शब्दाचा मला लई राग येतो.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आईचा चांगला डोळा झाकला. "काय दिसतंय, आजी?"

समोर मीच उभी होते. आईनं मान पुढं काढून मला निरखलं.

"लेकीचे केस पिकले की वो," ती म्हणाली.

मी हसले आणि हसता हसता रडायलाच लागले. आईनं तिकडं लक्षच दिलं नाही. तिनं डॉक्टरीणबाईंचा हात घट्ट धरला.

"हिलाबी ल्हानपणी कांजिण्या आलत्या, माझ्याच मांडीवर. हिचे राखणदारबी आता म्हातारे व्हायला लागले आसतील. हिच्यासाठी काय सुई आसंल, तर आत्ताच टोचा."