वडिलांचा व्यवसाय

२०२१ साल. माझं वय चौऱ्याहत्तर. मेलबर्नजवळ पॉइंट कुकला लेकीच्या घरी ओट्यापाशी मी लसूण सोलत होतो, तेव्हा हॉस्पिटलचा फोन आला. जावयानं घेतला. समीरराव बोलत बोलत गॅरेजमध्ये गेले आणि मागं दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं दार उघडलं, तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. हातातली पाकळी सोलून पुरी केली… पुढची घेतली नाही. माझी विजू गेली. अठ्ठेचाळीस वर्षांची. कोरोनानं अकरा दिवसांत नेली, आणि त्या अकरा दिवसांत आम्हाला कुणालाही तिच्या खाटेपाशी जाऊ दिलं नाही.

मी तिसरी शिकलेला माणूस. हे वहीत लिहून पाठवतोय. शुद्धलेखन छापणाऱ्यांनी बघावं, मजकूर बदलू नये.

सातारा जिल्ह्यात घाटावर मुलींची एक इंग्रजी बोर्डिंग शाळा होती, तिथं मेसमध्ये मी एकतीस वर्षं आचारी होतो. दोनशे पोरींचा दोन वेळचा स्वयंपाक. कुणाचा बाप गिरणीमालक, कुणाचा नैरोबीत दुकानदार, कुणाचा आखातात डॉक्टर. रविवारी गाड्या यायच्या, आया उतरायच्या, अत्तराचा वास पार माझ्या भटारखान्यापर्यंत. मोठ्या बाईंनी एकदा विजूची गणितं बघितली आणि पाचवीला तिला फुकट जागा दिली, राहण्याजेवणासकट. पहिल्या दिवशी गणवेश घालून ती माझं बोट धरून निघाली. फाटकाशी मी बोट सोडवलं. म्हणालो, "हे बघ, इथनं आत मी तुझा बाप नाही. मी मेसचा गणपतभाऊ. सगळ्या पोरी म्हणतात तसंच म्हणायचं." दहा वर्षांची पोर. तिनं विचारलं, "आणि ताप आला तर?" मी म्हणालो, "तर मेट्रनला सांगायचं."

मला वाटायचं मी शहाणपणा करतोय. पोरी तिला चिडवतील, नोकराची म्हणतील. आणि दुसरं म्हणजे आचाऱ्यानं आपल्या लेकीच्या ताटात जास्त टाकलं, असं बोट मला कुणी दाखवायला नको होतं. म्हणून मी तिला कमीच वाढायचो. रविवारच्या शिऱ्याचा डाव इतरांना भरून, तिला जरा हात राखून. इकडं मेलबर्नला एकदा आम्ही दोघंच जेवत असताना तिनं हसत हसत बाहेर काढलंच. "बाबा, शिरा मला कायम कमी असायचा हं." मी म्हणालो, "तुझा भास." ती म्हणाली, "सहा वर्षं भास? शेजारची मुलगी कीव येऊन मला तिच्यातला द्यायची!" ती हसतच होती. मी पाणी आणायला उठलो.

ती सातवीत असतानाची गोष्ट. मी वरणाची बादली घेऊन तिच्या टेबलाशी आलो, तर एक पोरगी तिला विचारत होती, "तुझे डॅडी कधीच कसे येत नाहीत गं?" विजू म्हणाली, "ते बोटीवर असतात. वर्षातून एकदाच येतात." माझी पळी बादलीतच राहिली. कसाबसा म्हणालो, "वरण?" तिनं वर बघितलं. "थोडंसं, गणपतभाऊ." मला फार लागलं ते. नियम माझाच, पण त्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याशी सबंध महिनाभर धड बोललो नाही. तिची आई विचारून दमली. दार मीच लावलं होतं आणि बाहेर उभा राहून रुसलोही मीच. का बोलत नाही ते पोरीला कधी सांगितलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही.

पोरगी शिकली, इकडं आली, इथल्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत नोकरी लागली. तिची आई गेल्यावर २०१९च्या शेवटी मला घेऊन आली. चार महिन्यांसाठी म्हणून आलो आणि सीमा बंद झाल्या. इथल्या मराठी मंडळींनी विचारलं, "काका, तुम्ही काय करायचात?" विजू म्हणाली, "बाबा शाळेत होते." झालं, त्या दिवसापासून सगळे मला "सर" म्हणायला लागले. "सर, बसा ना." "सर, चहा?" मी तेही चालवून घेतलं. मनात म्हणायचो, हिला अजून माझी लाज वाटते. बोट गेली, सर आले.

लॉकडाऊनमध्ये ती घरनं काम करायची आणि उरलेल्या वेळात तिचा अभ्यास. इंग्लंडातली समुद्राकाठची एक जुनी बोर्डिंग शाळा, शंभरावर वर्षांपूर्वीची. त्या शाळेच्या रजिस्टरांचे फोटो तिच्या लॅपटॉपवर होते. कुठल्या घरच्या मुली तिथं यायच्या, ते ती शोधत होती. मी समोर भाजी निवडत बसायचो आणि ती वाचून दाखवायची. हिचा बाप सिलोनात चहाचा मळेवाला. ही मिशनऱ्याची, चार वर्षांत आईबापाला भेटलेली नाही. हिची आई विधवा, कपडे शिवते. मी म्हणालो, "मेलेल्या गोऱ्या पोरींचे बाप मोजून तुला काय मिळणार?" "चिल, बाबा," ती म्हणायची आणि पुढचं वाचायची.

एका दुपारी ती वाचता वाचता थांबली. एडिथ नावाची एक मुलगी होती. रजिस्टरात बापाच्या रकान्यात 'जंटलमन' लिहिलेलं, म्हणजे घरंदाज, पोटासाठी काम न करणारा. त्याच शाळेच्या नोकरांच्या पगारवहीत तेच आडनाव, तेच गाव. शाळेचा माळी. विजूनं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. म्हणाली, "बाबा, तुम्हाला काय वाटतं? हे पोरीनं लिहायला लावलं असेल, की बापानं?"

मी म्हणालो, "कुकर बघतो." आणि उठलो. कुकर लावलेलाच नव्हता.

तिनं परत विचारलं नाही. दीड महिन्यात तिला ताप आला.

हॉस्पिटलातून नर्स फोन धरून तिचं तोंड दाखवायची. शेवटच्या वेळी तोंडावर मास्क होता, शब्द तुटत होते. नर्सनं काहीतरी विचारलं असावं. विजू इंग्रजीत म्हणाली, "दॅट्स माय डॅड. ही कुक्ड फॉर माय होल स्कूल." एवढं इंग्रजी मला कळतं. नर्स म्हणाली, "लकी यू, डार्ल!" मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतेय. मी म्हणालो, "जास्त बोलू नकोस. अंगावर नीट घे." चौऱ्याहत्तर वर्षांच्या बापाला एवढंच सुचलं. दोन दिवसांनी तो फोन आला.

अंत्यविधीला दहाच माणसं, बाकीची पडद्यावर. नंतर आठवड्यानं समीरराव टेबलाशी लॅपटॉपवर मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरत बसले. इथं मेलेल्या माणसाचे आईबाप काय करत होते, तेही लिहावं लागतं. त्यांनी वाचलं, "वडिलांचा व्यवसाय." मला न विचारताच म्हणाले, "रिटायर्ड टाकतो, बाबा."

"कशातून रिटायर्ड?"

त्यांनी लॅपटॉपवरचा हात काढला. मी म्हणालो, "लोकांना ती काय सांगायची ते सोडा. मी मास्तर नव्हतो. आचारी होतो. आणि तिला त्याची लाज वाटायची, ते मला ठाऊक आहे."

समीररावांनी चष्मा काढला. "बाबा, मला तुम्ही आचारी होता हे पहिल्या भेटीपासून माहितीये. तिनं दुसरं काही सांगायच्या आधी तेच सांगितलं होतं. फक्त म्हणाली, तुला माहितीये हे बाबांना कळू देऊ नकोस. त्यांना ते लपवायचं असतं. त्यांना वाईट वाटेल."

किती वर्षं! मी समजत होतो, पोरगी मला लपवतेय. ती माझ्यासाठी लपवत होती. फाटकाशी सांगितलेलं तिनं नर्सनं धरलेल्या त्या शेवटच्या फोनपर्यंत पाळलं. आणि त्या दुपारी माझ्यापुढं लॅपटॉप फिरवून मला सोडवायला बघत होती, तर मी कुकर बघायला गेलो…

बापानं, विजू. बापानंच लिहायला लावलं.

मी समीररावांना बाजूला सरायला सांगितलं. कोठीच्या बिलांमुळं मला इंग्रजी अक्षरं येतात. एका बोटानं मी कुक असं टाइप केलं.

विजूची लेक रिया सोळा वर्षांची. आई गेल्यापासून तिनं ऑनलाइन शाळा बंद केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्यांदा परत वर्गाला बसली. तिचा वर्ग चालू असला की मी कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून मागच्या अंगणातून वळसा घालून जायचो. मला तसं कुणीही सांगितलेलं नव्हतं. त्या सकाळी मी उपमा केला, बशी भरली आणि सरळ तिच्यापाशी जाऊन उभा राहिलो. पडद्यावर चौकोना-चौकोनात पोरं. एकीनं विचारलं, "रिया, हूज दॅट?"

रियानं माझ्याकडं बघितलं. मी जागचा हललो नाही. तिनं पायानंच शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "आजोबा, सिट."

मी बसलो.