आधी दार, मग ओळख

आमच्या ऑफिसात मोबाइलने उघडणारी कुलपं बनतात. तिथल्या नेटवर्कवाल्याला सगळे शंकासुर म्हणायचे. ओळखीच्या मोबाइलचा निरोप आला, की कुलपाने आधी दार उघडायचं, तो अजून घरचाच आहे का ते मागाहून तपासायचं, असं साहेबांनी ठरवलं.

शंकासुर म्हणाला, "साहेब, मधल्या काळात माणूस परका झाला असेल तर?"

"मग काय, गिऱ्हाइकाला दारात ताटकळत ठेवायचं?" साहेब हसले, आणि त्यांच्यामागे सगळे हसले.

शंकासुराची धाकटी बहीण नवऱ्याचा मार खाऊन त्याच्याकडे आली होती. मेहुण्याच्या मोबाइलची नोंद त्याने घरच्या, आमच्याच ऑफिसच्या कुलपातून स्वतःच्या हाताने काढून टाकली होती. तरी एका दुपारी मेहुणा सरळ आत शिरला. कुलपाने आधी दार उघडलं, मग इमानेइतबारे तपासून सांगितलं, की हा आता घरचा नाही. तोवर तिचा हात मोडला होता.

साहेब म्हणाले, "घरगुती भांडणात कुलूप बिचारं काय करणार?"

आता दाराला आतून लोखंडी कडी आहे. शंकासुर रोज स्वतःच्याच दारात ताटकळतो. बहीण आतून विचारते, "कोण?"

"मी, दादा."

कडी तरीही लगेच निघत नाही.